टॉक्सिन बाईंडर (खाद्यातलं विष धरून ठेवणारा) + व्हिटॅमिन ई-सेलेनियम पावडर, दोन बॅगांनंतरचा अनुभव (5 हजार लेअर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या)

आमचं शेड विट्याजवळ, खाद्य घरीच दळून बनवतो. यंदा दिवाळीच्या आधी पाऊस लांबला आणि मका घाईत घेतला, दिसायला एकदम पिवळाधमक पण मीटर लावला तर ओलावा 17 टक्के, साठवायला 13-14 च्या वर नकोच असतो. तीन आठवड्यांत खालच्या थराच्या पोत्यांना कुबट वास सुटला आणि तोवर पक्ष्यांची विष्ठा पातळ, त्यात मका जसाच्या तसा दिसायला लागला, अंडी घटली, कवच पातळ. डॉक्टरांनी मेलेला पक्षी फाडून दाखवला, लिव्हर पिवळट आणि ठिसूळ. दोन-तीन पक्ष्यांच्या तोंडात फोड पण होते, ते म्हणाले हे टी-2 चं काम दिसतंय, नुसतं अफलाटॉक्सिन नाही (दोन्ही बुरशीची विषं).

इथेच माझी चूक लक्षात आली. मी आधी साधा मातीवाला बाईंडर वापरायचो, ती माती अफलाटॉक्सिन चांगलं धरते पण टी-2 तिच्या हाती फारसं लागत नाही. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवीन बनत असतं, टी-2 नेमकं ते बनणंच अडवतं, मग खाद्य पचत नाही आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. म्हणून या वेळी माती, यीस्टची सालं, व्हिटॅमिन ई, सेलेनियम आणि लिव्हरसाठी सिलीमरिन असं सगळं असलेली पावडर घेतली. विषामुळे पेशींची जी जळजळ होते ती व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम आवरतात, बाईंडरला जे धरता येत नाही त्याच्यासाठी हा दुसरा बांध.

टनाला 1 किलो टाकतो. पक्षी दिवसाला 110 ग्रॅम धरला तर रोज साडेपाचशे किलो खाद्य, म्हणजे 25 किलोची बॅग दीड महिना जाते. थेट टाकली तर सारखी मिसळत नाही, आधी 20 किलो मक्याच्या भरड्यात कालवून घ्या.

दहा-बारा दिवसांत विष्ठा घट्ट झाली, अंडी सावरायला महिना गेला. पण खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात खालची कुबट पोती पण काढून टाकली, त्यामुळे सगळं श्रेय पावडरीला देणार नाही. ती पोती उन्हात वाळवून खपवायचा सल्ला मला दोघांनी दिला, तसं अजिबात करू नका, उन्हाने बुरशी मरेल पण विष दाण्यातच राहतं, गरम करून पेलेट (दाबलेल्या गोळ्या) केलं तरी जात नाही. 1960 ला इंग्लंडमध्ये लाखभर टर्की मेल्या त्या शेंगदाण्याच्या पेंडीतल्या याच विषाने, त्यावरूनच अफलाटॉक्सिनचा शोध लागला, आपल्याकडे पेंड घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

नावडलेलं म्हणजे बॅगेवर व्हिटॅमिन ई किती ते लिहिलेलंच नाही, नुसतं नाव. सेलेनियमचं प्रमाण पण फोन करून विचारावं लागलं, आणि ते माहीत असलंच पाहिजे कारण प्रीमिक्समध्ये (खाद्यात घालायच्या व्हिटॅमिन-खनिजांच्या तयार मिश्रणात) आधीच सेलेनियम असतं आणि जास्त झालं तर तेच विषारी. डॉक्टरांना दोन्ही लेबलं दाखवूनच सुरू करा. दमट हवेत बॅग उघडी राहिली की गुठळ्या होतात, मी आता झाकणाच्या ड्रममध्ये ठेवतो.

दुसरी बॅग संपत आलीये. हा मका संपेपर्यंत तिसरी घेणारच आहे, पण पुढचा मका मीटर लावल्याशिवाय गाडीतून उतरवणार नाही.