इमिडाक्लोप्रिड ४८ एफएस: खोडमाशीला भारी, पाखरांनाही भारी

रब्बी ज्वारीच्या बीजप्रक्रियेचं, म्हणजे पेरणीआधी बियाला चोळायचं, हे लाल कीडनाशक. कंपनी कुठलीही घ्या, आतला घटक तोच, म्हणून नाव लिहीत नाही. ५ पैकी ३ तारे. एक तारा पाखरांपायी कापला, एक बाटलीच्या टोपणापायी.

आधी काम. आमचं मंगळवेढ्याकडचं काळं रान, मालदांडी, सगळा भरवसा जमिनीतल्या ओलीवर. ओल हातची जाईल म्हणून सप्टेंबरच्या सुरुवातीलाच घाईनं पेरलं की कोवळं रोप पोखरणारी खोडमाशी ठरलेली. मधला पोंगा, म्हणजे कोवळ्या पानांची सुरळी, वाळतो, ओढला की अलगद हातात येतो आणि बुडाला कुजका वास मारतो. यंदा मुद्दाम दोन तासं (ओळी) बिनऔषधाची पेरली होती. त्यांत जागोजाग पोंगेमर, शेजारच्या तासांत शोधावी लागली. कामाला पैकीच्या पैकी.

आता पाखरं. दुकानदार म्हणाला, "लाल रंग बघून पाखरू शिवत नाही, बिनघोर पेरा." तो रंग माणसांसाठी असतो हो, प्रक्रिया केलेलं बी चुकून दळणात जाऊ नये म्हणून. ट्रॅक्टर वळतो तिथं बांधाकडेला पाभरीतून (पेरणीच्या अवजारातून) बी सांडतंच, आणि चिमण्या, होले तिथंच उतरतात. एक होला पिसं फुगवून ढेकळावर बसलेला दिसला. मी हातभर अंतरावर गेलो तरी मान तेवढी हलवली. दुपार कलल्यावर उडाला. औषधानंच झालं असं छातीठोक सांगणार नाही, पण घरी येऊन हिशेब मांडला.

ज्वारीला मात्रा किलोला १२ मिली. एका मिलीत ६०० मिलिग्रॅम इमिडाक्लोप्रिड (नावातले ४८ हे वजनी टक्के), म्हणजे किलोभर बियाला ७.२ ग्रॅम. एक दाणा साधारण ३० मिलिग्रॅमचा, त्यावर ०.२ मिलिग्रॅम औषध बसलं. घरचिमणीसाठी निम्मी पाखरं मारणारी मात्रा वजनाच्या किलोमागे ४१ मिलिग्रॅम धरतात. चिमणी २५ ग्रॅमची. पाच दाण्यांत खेळ खलास! दाणे सोलून खाताना टरफलाबरोबर थोडं औषध गळून पडत असेल, तरी पाच म्हणजे काहीच नाही.

न मरणाऱ्या पाखरांचं काय, हे मला जास्त खटकतं. कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठाच्या मंडळींनी २०१९ मध्ये स्थलांतरी चिमण्यांना किलोमागे ३.९ मिलिग्रॅम इतकंच दिलं. आमच्या हिशेबात अर्धा दाणा. सहा तासांत वजन ६ टक्के उतरलं आणि पुढच्या प्रवासाला निघायला साडेतीन दिवस उशीर झाला. आपल्याकडे अलाहाबाद विद्यापीठात लाल मुनिया या छोट्या पाखरांवर काम झालं, त्यात इमिडाक्लोप्रिड आणि मँकोझेब या बुरशीनाशकानं थायरॉइडची घडी विस्कटलेली दिसली.

मी बी.एस्सी. ॲग्री, त्यामुळे थोडं मेंदूबद्दल. मोनोक्रोटोफॉससारखी जुनी औषधं पाखराच्या मेंदूतलं कोलिनएस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) बंद पाडतात. मेलेल्या पक्ष्यात ते निम्म्याच्या खाली गेलेलं दिसलं की कारण कळतं. अर्जेंटिनात १९९५-९६ मध्ये स्वेन्सन्स हॉक हे शिकारी पक्षी हजारोंनी मेले, ते या मोनोक्रोटोफॉसमुळंच. इमिडाक्लोप्रिड त्या विकराच्या वाटेला जात नाही, ते मज्जापेशीवरच्या निकोटिनिक ग्राहीला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतं. म्हणजे ती जुनी तपासणी इथं मुकी. मग ताणाची प्रथिनं बघावी लागतात, एचएसपी-७० वगैरे. ऊन, विष, प्राणवायूची कमतरता, काहीही अंगावर आलं की पेशी ही प्रथिनं वाढवते आणि ती बिघडलेल्या प्रथिनांची घडी पुन्हा बसवतात. पेरणीच्या तोंडावर सुताराच्या दारात मोडक्या पाभरींची रांग लागावी, तसं. मोडलंय एवढं कळतं. कशानं मोडलं हे कळायला औषधाचा अंश वेगळा शोधावा लागतो. मेलेलं पाखरू सापडलं नाही म्हणजे औषध निर्धोक, हे दुकानातलं गणित इथंच फसतं.

वापरणार असाल तर बी दोन इंच खोल जाऊ द्या, वळणावर पाभर वेळेत उचला आणि सांडलेलं जागेवर मातीआड करा. आमच्याकडे हे काम पोरांकडे असायचं, आता मी स्वतः हातमोजे घालून करतो. उरलेलं बी कोंबड्यांना टाकू नका, पुरून टाका.

टोपणाचं राहिलंच. एकराला चार किलो बी, त्याला ४८ मिली लागतं, आणि टोपणावर मापाची एक खूण नाही. अंदाजानं ओतायचं हे औषध आहे का? दवाखान्यातली सिरिंज आणून मोजलं.

पुढच्या हंगामात घेईन, पण फक्त लवकर पेरायच्या वरच्या तुकड्यासाठी. खालच्या रानात ओल टिकते. तिथं सप्टेंबरअखेर थांबून पेरायचं, बी थोडं दाट टाकायचं आणि पोंगेमर झालेली रोपं विरळणीत उपटायची.