सिंगापूरची शैक्षणिक सहल : आठ महिने झाले, ८,५०० रुपये अजून वाटेतच

नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या सुट्टीत मुलगा (तेव्हा नववीत) शाळेबरोबर सिंगापूरला जाऊन आला. पाच रात्री, १ लाख ७० हजार, वर ५ टक्के टीसीएस, म्हणजे परदेश सहलीच्या पैशांवर कंपनी आपल्याकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरते तो कर. युनिव्हर्सलचं थीम पार्क, सेंटोसा बेट वगैरे कार्यक्रम ज्यांच्या घरी पत्रक आलंय त्यांना पाठ असेल, तो उगाळत नाही. सहल नेणाऱ्या कंपनीचं नावही लिहीत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही.

प्रकरण म्हणजे टीसीएस. ५ टक्क्यांचे ८,५०० झाले. "सर, हा खर्च नाही, रिटर्न भरताना परत मिळतो," असं कंपनीच्या पोरीनं मीटिंगमध्ये गोड आवाजात सांगितलं होतं. जुलैत रिटर्न भरायला बसलो, २६एएस (आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणारा आयकर खात्याचा तक्ता) उघडलं, तर तिथे शून्य. तिला फोन केला. "अकाउंट्सला विचारते." अकाउंट्सनं सांगितलं, "सीए बघतात." सीए गावाला. टीसीएस भरल्याचं सत्तावीस-डी नावाचं सर्टिफिकेट मागितलं, तर त्या पोरीनं विचारलं, "व्हिसाचं का?" पावतीवर आकडा छापलाय, माझ्या खात्यातून गेलाय, मग गेला कुठे? या परीक्षणात दोनच तारे द्यायचे, हे तेव्हाच ठरवलं होतं.

अभ्यासाचं म्हणाल तर युनिव्हर्सलला अख्खा दिवस आणि मरीना बॅरेज या बांधाला पाऊण तास. यावरून मी पालकांच्या ग्रुपवर बरंच काही लिहिलं होतं. त्यातलं थोडं आता मागे घेतो.

मुलाला खर्चायला १५० सिंगापूर डॉलर दिले होते. पठ्ठ्यानं ६४ परत आणले, सोबत हिशेबाची वही. पहिल्या पानावर "पाणी २ डॉलर = १२६ रु.!!" पुढचे दोन दिवस पाण्याची नोंदच नाही. म्हणजे हा तहानलेलाच फिरला, हॉटेलात परतल्यावर काय प्यायचा तेवढंच. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं की तिथे नळाचं पाणी थेट पितात. मग बाटली नळाखाली. त्या पानावर नुसतं "पाणी ०" लिहिलंय आणि खाली दोन रेघा ओढल्यात. पोरगं माझंच आहे, शंका नाही.

त्या शून्यामुळे असेल, पण बॅरेजवर त्यानं कान देऊन ऐकलं. समुद्राच्या तोंडाशी ३५० मीटरचा बांध, २००८ साली झालेला. आतलं खारं पाणी पावसानं हळूहळू गोडं झालं आणि भर शहरात जलाशय तयार झाला. जोराचा पाऊस झाला आणि समुद्राला ओहोटी असली, तर नऊ दरवाजे खाली करून पाणी सोडतात. भरती असली तर दरवाजे उघडून उपयोग नाही, समुद्रच आत येईल. मग सात मोठे पंप पाणी बाहेर फेकतात. हे त्यानं मला जेवताना वाटी, ताट आणि ताकाचा तांब्या घेऊन दाखवलं. टेबलक्लॉथ बदलावा लागला.

मला वाटलं, आठवडाभराचं कौतुक. पण यंदा पावसाळ्यात आमच्या नाशिकच्या गंगापूर धरणातून विसर्ग सुटला, तर हा रोज सकाळी क्युसेकचे आकडे सांगायला लागला. एका रविवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, घेऊन गेलो. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलेलं, बघ्यांची गर्दी, कणसाच्या गाड्या. आम्ही लहानपणापासून मारुतीवरूनच पूर मोजतो: गुडघा, कंबर, गळा. त्यानं विचारलं, "बाबा, तिथे भरती आली की पाणी अडतं. आपल्याकडे तर समुद्र नाही, मग रामकुंडापाशी पाणी एवढं का तुंबतं?" मी म्हटलं, पाऊस जास्त झाला. तो म्हणाला, "ते धरणात. इथे काय?" काठचं काँक्रीट, नदीत येणारे नाले, आठवलं तेवढं सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही. माझंही नाही.

ताटाचंही सांगतो. तिथल्या फूड कोर्टात खाल्लेला ट्रे स्वतः नेऊन ठेवावा लागतो, २०२२ पासून सक्ती आहे. आता हा मिसळीच्या हॉटेलातही ताट उचलून निघतो आणि वेटर मागे धावतो. घरी मात्र ताट जागेवरच.

अपडेट : सीए गावाहून आले. टीसीएस भरलाय, पण दुसऱ्याच कुणाच्या तरी पॅनवर. फॉर्म मी हातानं भरला होता आणि माझा ७ त्यांना १ वाटला. बायको म्हणाली, "मी किती वर्षं सांगतेय." तरी माझं म्हणणं, एवढे पैसे घेताय तर पॅन कार्डाची झेरॉक्स समोर असताना आकडा ताडून बघायला काय झालं होतं? दुरुस्तीचं रिटर्न भरतो म्हणालेत. २०२५ मध्ये आयकर रिटर्नची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती म्हणून बरं.

तारे आता साडेतीन. उरलेला अर्धा २६एएसमध्ये आकडा दिसला की देईन. यंदा जाणाऱ्यांनी पॅन टाईप करून द्या.