सोलापूरहून मुंबईचं टी-टू : काही महिने ये-जा केल्यावर

धाकटी बहीण दुबईत, आई-अण्णा इकडं, आणि त्यांना एकटं पाठवायला जीव होत नाही, त्यामुळं गेल्या काही महिन्यांत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर आमचं जाणं लई वाढलंय. कधी सोडायला, कधी आणायला, कधी स्वतः सोबत. नातेवाइकांचे फोन येतात की बाबा कसं जायचं सांग, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात आधी टर्मिनलचं. विमानतळ एकच पण टर्मिनल दोन, आणि दोन्हीची दारं एकमेकांपासून चांगली लांब. टी-वन सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला, टी-टू अंधेरी पूर्वला सहारला. परदेशी जाणारी सगळी विमानं टी-टूवरून, पण देशातली विमानं दोन्हीकडून सुटतात, आणि इथंच माणसं फसतात. टॅक्सीवाला विचारतो डोमेस्टिक का इंटरनॅशनल, तुम्ही म्हणता डोमेस्टिक, तो सरळ टी-वनला नेऊन सोडतो आणि तुमचं विमान असतं टी-टूवर. म्हणून त्याला फक्त टी-वन किंवा टी-टू एवढंच सांगायचं, तिकिटावर लिहिलेलं असतं. आता त्यात नवी मुंबईची भर पडलीय, तिथून 25 डिसेंबर 2025 पासून विमानं सुरू झालीत, तेव्हा तिकिटावर विमानतळाचा कोड बीओएम (म्हणजे हा जुना मुंबईचा) आहे का एनएमआय तेपण बघा. एनएमआय म्हणजे पनवेलकडं, सहारला जाऊन उपयोग नाही.

आता पोचायचं कसं. आपल्या लोकांना दादरला उतरायची सवय आहे, गाडी सिद्धेश्वर एक्स्प्रेस असो नाहीतर वंदे भारत. माझं मत विचाराल तर सामान असेल तर दादर विसरा, सरळ सीएसएमटीपर्यंत जा. उलटं वाटतं, मान्य, कारण विमानतळ मागं राहतो. पण दादरचं भुयारी मेट्रोचं स्टेशन पश्चिमेला आहे, म्हणजे दोन मोठ्या बॅगा आणि म्हातारी माणसं घेऊन सकाळच्या गर्दीत पूल चढायचा, उतरायचा, परत रस्त्यानं चालायचं. सीएसएमटी हे शेवटचं स्टेशन, गाडी पळून जायची भीती नाही, निवांत उतरायचं आणि तिथंच मेट्रो तीन, म्हणजे अ‍ॅक्वा लाइन. ही लाइन ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि आपल्यासारख्यांचं कामच सोपं झालं. आरे ते कफ परेड 33.5 किलोमीटर, 27 स्टेशनं, आणि पूर्ण लाइनचं तिकीट 70 रुपये, म्हणजे सीएसएमटीवरून तर त्याहून कमीच. लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत, अण्णांचे गुडघे वाचले. टी-वनचं स्टेशन आधी येतं, मग सहार रोड, मग टी-टू. सहार रोड नाव ऐकून उतरायची घाई करू नका, टी-टू त्याच्या पुढचं. स्टेशनातून वर आल्यावर बोर्ड बघत थोडं चालावं लागतं.

पण मेट्रो रात्री बंद असते, आणि आखाताची, युरोपची बरीच विमानं नेमकी मध्यरात्रीनंतर. म्हणून आम्ही रात्रीच्या विमानाला सकाळची वंदे भारत धरतो, दुपारी मुंबई, विरारला मावशीकडं जेवण-झोप नाहीतर विमानतळाजवळ एखादी खोली, आणि रात्री टॅक्सी. एकदा एका टॅक्सीवाल्यानं बॅगांचे वेगळे पैसे मागितले, तिथंच अर्धा तास गेला, तेव्हापासून बसायच्या आधीच सगळं ठरवून घेतो.

आतलं टर्मिनल मात्र एक नंबर आहे, खोटं कशाला बोलू. 2014 मध्ये सुरू झालेलं, छताचे खांब मोरपिसाऱ्यासारखे वर उघडतात. निघायचा मजला चौथा. दारात सीआयएसएफचा जवान तिकीट आणि पासपोर्ट बघूनच आत सोडतो, त्यामुळं सोडायला आलेल्यांचा निरोप बाहेरच. आमच्याकडं एका माणसाला सोडायला दहा जण येतात, ते कमी करा. आत जया हे म्हणून कलावस्तूंची लांबच्या लांब भिंत आहे, राजीव सेठींनी मांडलेली. अण्णा जुन्या नक्षीकामापुढं उभेच राहतात, हाताला धरून ओढावं लागतं.

ओढावं लागतं कारण इथं विमानाची घोषणा होत नाही. सायलेंट एअरपोर्ट आहे. एसटी स्टँडसारखं भोंग्यावर कुणी गाडी लागली म्हणून ओरडणार नाही, स्क्रीन बघायची, गेट बदललं का तेपण स्क्रीनवरच. आणि काही गेट इतकी लांब की चालून पाय दुखतात, तेव्हा इमिग्रेशन झालं की आधी गेट गाठायचं, चहा-बिहा नंतर. चहाचे भाव न विचारलेले बरे, आम्ही घरूनच कडक भाकरी नेतो.

आईसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवायची, हे सगळ्यात उपयोगाचं. सोबतचा मदतनीस चेक-इन, इमिग्रेशन, सिक्युरिटी सगळीकडून नेतो. वारंवार जाणाऱ्यांनी फास्ट ट्रॅक इमिग्रेशनला नोंदणी करावी, मुंबईत जानेवारी 2025 पासून आहे, फी नाही, बोटांचे ठसे एकदा दिले की ई-गेटमधून जायचं. डिजियात्रा, म्हणजे चेहरा दाखवून आत जायचं अ‍ॅप, ते वेगळं, ते देशातल्या विमानांसाठी, त्यात गोंधळ करू नका.

सामानाचं आपल्या लोकांना जास्त सांगावं लागतं. शेंगाचटणी कोरडी, ती मोठ्या बॅगेत खुशाल घाला. तेलाचं लोणचंपण मोठ्याच बॅगेत, पण घट्ट बांधून, नाहीतर चादरी गेल्या. अख्खं सुकं खोबरं मात्र चेक-इन बॅगेत चालत नाही, तेलामुळं पेट घेणारी वस्तू धरतात. पॉवर बँक उलट, ती हातातल्याच बॅगेत.

परत येताना दुसऱ्या मजल्यावर बाहेर पडता, अ‍ॅपच्या गाड्या मल्टिलेव्हल पार्किंगमध्ये येतात, प्रीपेडचं काउंटर आतच आहे. पहाटे उतरलात तर घाई नको, सहाच्या सुमारास मेट्रो सुरू होते. सोलापूरची वंदे भारत दुपारी चारनंतर सुटते, आठवड्यातून एक दिवस नसते, ते बघूनच तिकीट काढा.

लोक म्हणतात आता होटगी रोडवरून, म्हणजे सोलापूरच्याच विमानतळावरून, मुंबईला विमान आहे, मग रेल्वे कशाला. हाय की, ऑक्टोबर 2025 पासून आहे. पण वेगवेगळी तिकिटं असतील तर देशातल्या विमानाला साधारण 15 किलो सामान आणि दुबईच्या तिकिटावर त्याच्या दुप्पट, बहिणीसाठी दोन चादरी, टॉवेल, चटणी आणि आईचा अख्खा डबा-संसार धरला तर सोलापुरातच जादा वजनाचे पैसे भरायची पाळी. एकट्यानं हलकी बॅग घेऊन जायचं असेल तर मी विमान धरीन, आई सोबत असली तर सिद्धेश्वरच.