दांडिया बाजारातला इंग्रजी संभाषणवर्ग: आइनू लोकांवरचा चर्चासंच

बडोद्यातल्या या वर्गाने उत्तर जपानमधल्या आइनू या मूलनिवासी लोकांसारखा विषय निवडला, याचे मनापासून कौतुक. उतारे मात्र सगळे बाहेरच्यांचे. १८७८ मध्ये जपानच्या होक्काइडो बेटावर गेलेल्या ब्रिटिश प्रवासलेखिका इझाबेला बर्ड बिरातोरी या आइनू गावात राहिल्या, तिथल्या आदरातिथ्याबद्दल त्यांनी आपुलकीने लिहिले, आणि त्याच लोकांना रानटीही म्हटले. संचात याची टीप नाही, त्यामुळे मुले तेच विशेषण उचलतात. चर्चेआधी तीन प्रश्न हवेत: लेखक कोण, किती काळ राहिला, दुभाषा कोण? बर्डबाईंचा दुभाषा इतो जपानी होता. हे कळले की उतारा वेगळाच वाचला जातो.

चिरी युकिए या आइनू तरुणीने लिहून काढलेली, १९२३ मध्ये छापली गेलेली देवगीते संचात नाहीत. ही मोठीच उणीव. संचात आइनूंविषयीचा १८९९ चा जपानी कायदा आहे, पण तो १९९७ मध्ये रद्द झाला आणि २०१९ च्या कायद्याने आइनूंना मूलनिवासी मानले, हे नाही. म्हणून सगळी चर्चा भूतकाळातच अडकते.

पंधरा जणांच्या एकाच वर्तुळात चौघेच बोलतात. चार-चारचे गट, दहा मिनिटे वाचन, वीस मिनिटे चर्चा, असे ठेवावे. शिक्षिका उच्चार नेमके सुधारतात. त्यासाठी तरी वर्ग जरूर लावावा.