प्रोमिथियस: काही महिने वापरल्यानंतर

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात पावसाळ्यापासून प्रोमिथियस चालू आहे, म्हणजे सॉफ्टवेअर नीट चालतंय का हे आकड्यांतून पाहणारं मॉनिटरिंगचं साधन. काम तिकीट बुकिंगच्या सॉफ्टवेअरचं. ग्राहकाची एक रिक्वेस्ट पाच-सहा सर्व्हिसमधून, वेगवेगळ्या सर्व्हरवरून फिरून येते. आधी सगळी भिस्त सीपीयू आणि मेमरीच्या ग्राफवर. तिथे सगळं हिरवं, आणि इकडे सपोर्टला फोनावर फोन: पैसे कापले गेले, तिकीट आलं नाही.

बसवायला प्रोमिथियस सोपा आहे. प्रत्येक सर्व्हिस आपले आकडे साध्या मजकुरात मांडून ठेवते, तो ठरावीक वेळाने येऊन उचलतो. सर्व्हिसने उत्तरच दिलं नाही तर 'अप' हा आकडा शून्यावर येतो, त्यामुळे बंद पडल्याची खबर आपोआप मिळते. हे मला फार आवडलं.

खरा कस लागतो तो काय मोजायचं हे ठरवताना. आमच्यात एसएनएमपीच्या (नेटवर्कवरच्या यंत्रांवर लक्ष ठेवायच्या जुन्या प्रोटोकॉलच्या) काळापासून काम करणारे एक सर आहेत. त्यांनी सुरुवातीलाच १९९९ चा आरएफसी २५६४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका) वाचायला लावला, म्हणजे अॅप्लिकेशन मॅनेजमेंट एमआयबी. एमआयबी ही एसएनएमपीने काय काय पाहता येईल याची ठरलेली यादी. त्यात सर्व्हिस वेगळी आणि प्रत्यक्ष चालणारी प्रोसेस वेगळी धरली आहे. एका सर्व्हिसमागे अनेक प्रोसेस असू शकतात आणि एक प्रोसेस अनेक सर्व्हिसना लागू शकते. शिवाय एमआयबीत प्रत्येक नोंदीचा प्रकार आणि वर्णन लिहावंच लागतं. प्रोमिथियस अशी सक्ती करत नाही, म्हणून ती आम्ही स्वतःवर घातली: एकक आणि वर्णन नसेल तर नवा कोड मुख्य कोडात मर्ज होत नाही.

'पेमेंट पूर्ण' म्हणजे बँकेचा होकार आला, की आपल्याकडे नोंद झाली? यावर अख्खी दुपार वाद झाला आणि शेवटी दोन वेगळे काउंटर (मोजत वाढत जाणारे आकडे) केले. गणपतीच्या गर्दीत त्या दोघांतलं अंतर वाढताना दिसलं, आणि मधली क्यू (थांबलेल्या कामांची रांग) तुंबल्याचं फोन यायच्या आत कळलं. सीपीयू तेव्हाही निवांत होता.

लेबलच्या, म्हणजे आकड्याला जोडलेल्या 'कुठली सर्व्हिस, कुठला सर्व्हर' अशा खुणांच्या बाबतीत मात्र हात आखडताच ठेवा. लेबलच्या प्रत्येक नव्या जोडणीची वेगळी टाइम सीरिज (वेळेनुसार साठवलेल्या आकड्यांची मालिका) होते. बुकिंग क्रमांक किंवा मोबाइल नंबर लेबलात घातला की मेमरी संपलीच म्हणून समजा. हिस्टोग्रामचे बकेटही तपासा, म्हणजे लागलेल्या वेळेनुसार रिक्वेस्ट ज्या खणांत मोजल्या जातात ते. गो भाषेच्या लायब्ररीत आपण बदलले नाहीत तर ते ५ मिलिसेकंदांपासून १० सेकंदांपर्यंतच असतात. बँकेचं उत्तर त्याहून उशिरा येत असेल तर सगळं शेवटच्या खणात जमा होतं आणि पर्सेंटाइलला ('शंभरातल्या ९५ रिक्वेस्ट इतक्या वेळात झाल्या' अशा आकड्याला) काही अर्थ उरत नाही.

उणिवा आहेत. डेटा मुळात १५ दिवसच राहतो; मुदत वाढवता येते, पण तो एकाच सर्व्हरच्या डिस्कवर असतो. मागच्या दिवाळीशी यंदाची तुलना करायची तर वेगळं स्टोरेज जोडावं लागेल. बिलिंगसारख्या पै-पैच्या हिशेबासाठी तो नाही, हे त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलं आहे. आणि तो फक्त पाहतो. आरएफसी २५६४ मध्ये चालू प्रोसेस थांबवण्याचीही सोय मांडली होती; इथे ते काम आमच्या स्क्रिप्ट करतात.