वचनांची डबी : घ्यावी, पण शेजारी पवित्र शास्त्रही असू द्यावे

पुणे कॅम्पातील एका ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून घेतलेली मराठी वचनांची डबी आमच्या घरात आता रोजच्या वापरात आहे. दीडशे रुपयांत मिळणाऱ्या या वस्तूबद्दल माझे मत एकंदरीत चांगले आहे. मात्र तिच्यातील वचने ज्यांनी निवडली, त्यांच्या निवडीबद्दल माझी तक्रार आहे. ज्यांना ही वस्तू परिचित नाही त्यांच्यासाठी सांगायचे, तर ही जाड पुठ्ठ्याची, तळहातावर मावणारी डबी असून तिच्यात पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, एकेक वचन छापलेली शंभराहून अधिक कार्डे उभी लावलेली असतात. कुटुंबप्रार्थनेच्या वेळी घरातील कोणीतरी न बघता एक कार्ड काढायचे आणि ते सर्वांना वाचून दाखवायचे, एवढाच तिचा उपयोग. पूर्वीच्या डब्यांत कागदाच्या बारीक सुरळ्या आणि त्या उचलायला छोटा चिमटा असे. त्या सुरळ्या पुन्हा गुंडाळून आत बसवणे हे एक कामच होते, त्यामुळे कार्डांचा हा बदल मला सोयीचा वाटतो.

अशी न निवडता वचने काढण्याची रीत आपल्याकडची नवी टूम नाही. जर्मनीतील हेर्नहुट गावच्या मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीने १७३१ या वर्षासाठी रोजच्या वचनांचे पहिले पुस्तक छापले आणि आजही तिथे त्यासाठी चिठ्ठ्या टाकूनच जुन्या करारातील वचने काढली जातात. आपल्याकडेही वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाचे वचन काढणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यामुळे याला शकुन पाहणे म्हणून नाके मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही, जरी डबीकडे तशा नजरेने पाहणारे लोकही मी पाहिले आहेत.

कागद जाड आहे, कडा गोल कापलेल्या आहेत आणि मुलांच्या हाताळणीतही कार्डे अजून टिकून आहेत. अक्षर मात्र आणखी मोठे हवे होते. ‘सामर्थ्य’सारख्या शब्दातील जोडाक्षरात शाई भरल्यामुळे चष्मा लावूनही अडखळायला होते. वचनाखालचा संदर्भ तर इतका बारीक छापला आहे, की तो कोणी उघडून पाहावा अशी प्रकाशकाची फारशी अपेक्षा नसावी.

माझी खरी तक्रार नेमकी तिथेच आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील एकोणिसावे वचन, म्हणजे माझा देव तुमची सर्व गरज पुरवील हे आश्वासन, या डबीत गुलाबाच्या चित्रासह फिकट पिवळ्या कार्डावर आहे आणि ते हाती आले की घरात सर्वांना बरे वाटते. पण प्रेषित पौलाने ते लिहिले तेव्हा तो बंदिवासात होता, आणि फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठवलेली मदत त्याला मिळाल्याची ती पोच होती. ज्यांनी स्वतःच्या पदरचे काढून दुसऱ्याची गरज भागवली, त्यांना उद्देशून म्हटलेले हे वाक्य आहे. कार्डावर ते वाचताना देव आणि मी असे दोघेच उरतो. मधला एपफ्रदीत, त्याचा लांबचा प्रवास आणि मरणाच्या दारी नेणारे त्याचे आजारपण, हे सारे गळून जाते.

यिर्मया २९:११ चेही तेच झाले आहे. हिताचे संकल्प सांगणारे हे कार्ड सर्वांचे आवडते, पण बाबेलमधील बंदिवासाची सत्तर वर्षे त्याच्या लगेच आधीच्या वचनात आहेत. ती छापायला एक ओळ पुरली असती.

केडगावचे उदाहरण पुण्याच्या वाचकाला दूरचे नाही. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया आणल्या, तेव्हा त्यांच्या पोटापाण्याची सोय प्रार्थनेवर भिस्त ठेवूनच त्यांनी केली. ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांचा आदर्श त्यांच्यापुढे होता. पण त्याच रमाबाईंनी केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनच्या जमिनीत विहिरी खणून घेतल्या, शेती केली, छापखाना उभारला आणि मुलींच्या हाताला काम दिले. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही विनंती त्या आवारात प्रार्थनेच्या वेळी म्हटली जाई आणि विहिरीवरही राबवली जाई. या डबीतील निवड करणाऱ्याला मात्र विहिरीचे वावडे दिसते.

म्हणूनच काय नाही याची यादी मला अधिक बोलकी वाटते. निर्गम १६ मधील मान्ना, म्हणजे रानात इस्राएलांना देवाने रोज पुरवलेले अन्न, नाही, जो दुसऱ्या दिवसासाठी साठवला की त्यात किडे पडत. दारिद्र्यही नको आणि श्रीमंतीही नको, लागेल तेवढे अन्न दे, ही नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायातील प्रार्थना नाही. घराचे हप्ते आणि शाळेच्या फिया भरणाऱ्या पुणेकर कुटुंबाला तिच्याइतकी लागू पडणारी दुसरी प्रार्थना मला तरी सुचत नाही. आणि याकोबाच्या पत्रातील, उपाशी भावाला नुसतेच ‘सुखाने जा’ म्हणणाऱ्यांना खडसावणारा भाग तर अजिबातच नाही.

आनंदाच्या वचनांची निवड याहून पुष्कळ सरस आहे, हेही सांगितले पाहिजे. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ असणारच. पण अंजिराला फूल नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत आणि तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे म्हणणाऱ्या हबक्कूक संदेष्ट्याचे कार्डही इथे आहे आणि तेही पूर्ण, ‘तरीही’च्या आधीच्या सगळ्या तोट्यासकट. ज्या आठवड्यात आमच्या घरसभेतील एका गृहस्थाची नोकरी गेली, त्या आठवड्यात त्यांच्या मुलीच्या हाती नेमके हे कार्ड आले. ते वाचल्यावर कोणीही घाईने सांत्वनाचे बोलले नाही. एका ताईंनी घरात किराणा किती दिवसांचा आहे एवढेच विचारले आणि दुसऱ्या दिवशी पिशव्या पोहोचल्या.

ससूनमध्ये किंवा अन्यत्र कोणा आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायला, तसेच बाप्तिस्म्याच्या किंवा गृहप्रवेशाच्या प्रसंगी द्यायला ही डबी चांगली आहे. आमच्याकडे आता कार्ड काढणाऱ्यानेच तो अध्याय उघडून आधीची व नंतरची चार वचने वाचायची, असे ठरले आहे. त्यामुळे प्रार्थना थोडी लांबते आणि शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत राहते. घेण्यापूर्वी दुकानातच चार-दोन कार्डे काढून छपाई तपासावी, आणि नाताळच्या गर्दीआधी गेल्यास दुकानदार दुसरी डबी उघडून दाखवायलाही कुरकुर करत नाहीत.