नीलमोहर म्हणून सुबाभूळ गळ्यात मारलं

गावच्या तळ्याच्या काठानं आणि शाळेच्या मैदानाभोवती फुलझाडं लावायची ठरली तेव्हा बी आणायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. गाव खानापूर तालुक्यातलं, माती लाल, पाऊस मुबलक. बहाव्याच्या शेंगा आणि ताम्हणाची बोंडं रानात फिरलं की मिळतात. पण बेंगळूरला मुलीकडं गेलो असताना कब्बन पार्कात नीलमोहराचा जांभळा सडा बघितला होता. तो आपल्या तळ्यावर पडावा, असं मनात बसलं.

बेळगावच्या बाजारात एकजण रस्त्याकडेला रंगीत फोटो मांडून बी विकत होता. 'निळा गुलमोहर' अशी पाटी, म्हणजे नीलमोहरच. शंभर बियांची पुडी 250 रुपये. बी तपकिरी, चपटं, चकचकीत, एका टोकाला निमुळतं. नीलमोहराच्या बीला पातळ पंख असतो हे मी वाचलं होतं, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "पंख काढूनच देतो गुरुजी, लवकर उगवतं." पटलं मला. सहा पुड्या घेतल्या. पावती मागितली नाही, ती माझी चूक.

गरम पाण्यात रात्रभर भिजवून मे महिन्यात पिशव्यांत पेरलं. आठवड्यात पिशव्या हिरव्या झाल्या. खरं तर तेव्हाच दोन गोष्टी डोळ्यांसमोर होत्या. दिवेलागणीला पानं मिटायची. आणि काडीवर एक पान इकडं, पुढचं तिकडं, असं आळीपाळीनं येत होतं. नीलमोहराची पानं एकाच पेरावर समोरासमोर येतात आणि रात्री अशी मिटत नाहीत. पण पान बारीक पिसासारखं, अगदी फोटोतल्यासारखं. त्याचं शास्त्रीय नावच जॅकरांडा मिमोसिफोलिया, म्हणजे लाजाळूसारख्या पानांचा. या सारखेपणावरच त्या माणसाचा धंदा चालला होता.

पावसाळ्यात दीडशे रोपं वाटली. तळ्यावर, शाळेत, देवळामागं, लोकांच्या परड्यात. माझ्या शब्दावर लोकांनी खड्डे मारले, शेणखत घातलं, काट्यांचं कुंपण केलं. झाडं डोक्याएवढी झाली तेव्हा शेळ्या घेऊन जाणारा एकजण थांबला. पाला ओरबाडून म्हणाला, "गुरुजी, हे सुबाभूळ की हो! शेळ्यांना किती घालायचंय तेवढं घाला." पुढं पांढरे गोल गोंडे आले आणि शंकेला जागा उरली नाही.

पैसे गेले त्याचं दुःख फार नाही. सुबाभूळ एकदा रुजलं की शेंगांचे घोसच्या घोस लागतात, बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, आणि बुंधा तोडला तर पुन्हा फुटतो. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आमच्या गावाला खाली लागूनच रान आहे. तिथं ते माझ्या हातानं शिरलं असतं, हा विचार झोप उडवतो.

बाजारात परत गेलो, तो माणूस नव्हता. फोन बंद. तक्रार कुणाविरुद्ध करणार? म्हणून सांगतो, झाडाचं बी सुटं घेऊ नका, फळासकट मागा. नीलमोहराचं फळ लाकडासारखं कठीण, चपटं, गोल असतं. उघडलं की आत कागदासारख्या पंखाच्या बिया. गुलमोहराची शेंग हातभर तलवारीसारखी, बहाव्याची काळी नळी, आत चिकट गर. फळ दाखवायला जो टाळतो त्याच्याकडून काही घेऊ नका. पुडीवर शास्त्रीय नाव लिहून पावती घ्या.

आम्ही कुदळी घेऊन घरोघरी गेलो. तळ्यावरची सगळी मुळासकट काढली आणि त्याच खड्ड्यांत बहावा लावला. एका आजींनी मात्र परड्यातली तीन काढू दिली नाहीत. "शेळीला पाला मिळतोय, राहू दे बाळा." त्यांच्याकडं दर पंधरवड्याला जातो, आणि शेंगा वाळून फुटायच्या आत शिडी लावून तोडून आणतो.